भरदुपारचा दिवा आणि शिकागोचे कोश

मी नऊ वर्षांचा होतो. वडील कापसाच्या एका पेढीवर मापाडी होते. एका संध्याकाळी ते लवकर घरी आले, पाय न धुता ओसरीवर बसले आणि आईला म्हणाले, "शेठनी दिवा लाई दिन्हा." म्हणजे आमच्या अहिराणीत, शेठने दिवा लावला. आई काहीच बोलली नाही. मला मात्र त्या दिव्याचंच कुतूहल. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी शाळेतून पळत पेढीवर गेलो. दाराला कुलूप, फळ्या लावलेल्या, ओट्यावर तेलाचा एक काळपट डाग. त्या गल्लीत सरकीच्या तेलाचे डाग सगळीकडेच असायचे. दिवा कुठेच नव्हता. घरी येऊन आईला विचारलं तर तिने मला गप्प केलं. तीन महिन्यांची मजुरी त्या पेढीत अडकली होती, हे मला फार नंतर कळलं.

पेढी बुडते तेव्हा दिवाळं निघतं, हेही मोठेपणी कळलं. पण दिवाळ्यात दिवा कुठून आला? शाळेत विचारलं, बाजारात जुन्या मुनिमांना विचारलं. कुणी म्हणालं, दिवाळीत वह्या बदलतात म्हणून. कुणी म्हणालं, शब्दच तसा आहे. मी स्वतः अमळनेरला एका अडत्याच्या गादीवर सत्तावीस वर्षं हिशेब लिहितोय. बुडालेल्या गिऱ्हाइकांची खाती बंद करताना हा प्रश्न दरवेळी मनात यायचा. उत्तर मिळालं सत्तेचाळीस वर्षांनी, फोनवर, रात्री साडेदहाला. ज्या ठिकाणी ते मिळालं त्या सोयीबद्दल मी हे लिहितोय, कारण माझ्या ओळखीत ती दोघा-तिघांनाच माहीत आहे आणि तिला एक पैसा लागत नाही.

अमेरिकेतल्या शिकागो विद्यापीठाने आपल्याकडच्या भाषांचे जुने छापील कोश इंटरनेटवर शोधता येतील असे ठेवलेत. त्याचं नाव 'डिजिटल डिक्शनरीज ऑफ साउथ एशिया', ते इंग्रजीतून आहे, पण देवनागरीत टाइप केलंत तरी सापडेल. मराठीत तिथे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आहे, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीचा. दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आहे, ज्याचे सात खंड १९३२ पासून निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये आली. वझे यांचा १९११ चा छोटा कोश आहे. ज्ञानेश्वरी-लीळाचरित्राच्या काळातल्या मराठीसाठी तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा वेगळा कोश आहे. आणि एक इंग्रजी कोश आहे, 'हॉब्सन-जॉब्सन' नावाचा. हिंदुस्थानात राहणाऱ्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या देशी शब्दांचा तो संग्रह, १८८६ मध्ये प्रथम निघालेला. नावावरून मला त्यात आपल्या कामाचं काही असेल असं वाटलं नव्हतं. दिवा तिथेच सापडला.

'दिवाळिया' या शब्दाखाली ड्रमंड नावाच्या माणसाच्या १८०८ मधल्या पुस्तकातला उतारा दिलाय. त्याचा आशय असा: व्यापाऱ्याला आपण बुडतोय किंवा बुडालो असं दिसलं, की तो घरात, दुकानात किंवा पेढीवर मोठा दिवा लावतो आणि तिथून निघून जातो. हिशेब उघड होऊन किंवा मालमत्तेची वाटणी होऊन देणं असलेल्यांचं समाधान होईपर्यंत तो परत येत नाही. 'दिवाळं' हे 'दिवा'वरून आलं असं म्हणतात, पण त्याबद्दल मतभेद आहेत, असंही त्याच नोंदीत लिहून ठेवलंय.

ते मी तीनदा वाचलं. वडील 'दिवा लाई दिन्हा' म्हणाले होते ते अलंकारिक बोलणं नव्हतं. ती व्यापाराची एक रीत होती, निदान दोनशे वर्षांपूर्वी डोळ्यांनी पाहिलेली आणि कागदावर उतरवलेली. आणि 'मतभेद आहेत' हे वाक्य मला उताऱ्याइतकंच मोलाचं वाटलं. आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात दर आठवड्याला एखाद्या म्हणीची जन्मकथा येते. ती इतकी गोड आणि ठाम असते की खोडून काढायला कुणी धजत नाही. हिशेबात ज्या रकमेला पावती नाही ती मी 'अनामत' खात्यात ठेवतो, जमेला धरत नाही. शब्दांच्या बाबतीतही असंच करायला हवं, हे मला या कोशांनी शिकवलं.

त्यानंतर मी गादीवरचा एकेक शब्द घेऊन बसलो.

'लिलाव' पहिला. रोज सकाळी ओट्यावर बोली लागते, माल पुकारला जातो, चिठ्ठी फाटते. हा शब्द पोर्तुगिजांचा निघाला. त्यांचा 'लेइलांव', आणि त्याच्याही मागे अरबीतला जाहीर पुकारा करण्याचा शब्द. मला हे खरं वाटायला वेळ लागला नाही, कारण लिलावात पुकाराच तर असतो. पोर्तुगीज खानदेशात कधी राज्य करायला आले नाहीत. शब्द मात्र बंदरावर उतरून आमच्या कपाशीच्या गाड्यांपर्यंत आला. त्याच जहाजातून 'बादली' आणि 'घमेलं' आलं, 'पगार' आणि 'चावी' आली. म्हणजे सकाळी गादीचं कुलूप उघडण्यापासून महिनाअखेरपर्यंत मी त्यांचे शब्द वापरत होतो.

'हमाल' या शब्दाची गोष्ट मला जास्त जवळची. आमच्याकडे तीस वर्षं पाठीवर गोण्या वाहिलेले एक काका आहेत. ते सांगायचे, "हम माल उचलतो, म्हणून हमाल." ते अभिमानाने सांगायचे, आणि मीही ते खरंच धरून चाललो होतो. कोशात पाहिलं तर शब्द अरबी, 'हम्माल', ओझं वाहणारा. कैरोच्या बाजारातही तोच शब्द, इस्तंबूलच्या बाजारातही तोच. काकांची व्युत्पत्ती खोडून काढायला मला जड गेलं. पण सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "तिकडे गोणी कितीची उचलतात?" त्यांना शब्द कुठून आला यापेक्षा तिकडच्या माणसाच्या पाठीवर किती वजन पडतं ते हवं होतं. ते कोशात नाही.

'हप्ता' फारसी. 'हफ्त' म्हणजे सात. सात दिवसांचा तो हप्ता. आमच्याकडे हमाली अजून शनिवारी चुकती होते, ती खऱ्या अर्थाने हप्ता आहे. बँकेचं कर्ज मात्र महिन्याच्या हप्त्याने फिटतं आणि कुणाला त्यात सात दिसत नाहीत.

'खंडी'वर मी एक अख्खा रविवार घालवला. घरात आम्ही सहज म्हणतो, खंडीभर काम पडलंय, खंडीभर पोरं आहेत. पण रुईचा भाव आजही खंडीवरच निघतो, आणि ती खंडी साधारण ३५६ किलोची. 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये ती 'कँडी' या नावाने सापडते: ढोबळमानाने ५०० पौंड, प्रांतागणिक बदलणारी, आणि बहुतेक ठिकाणी वीस मणांची. वीस मण! म्हणजे 'खंडीभर' म्हणताना आम्ही नुसतं 'पुष्कळ' म्हणत नाही, एका माणसाला उचलता येणार नाही इतकं म्हणतो. वडिलांच्या तागडीखालून आयुष्यात किती खंड्या गेल्या असतील याचा मी त्या रविवारी हिशेब करायला घेतला आणि सोडून दिला.

आण्यांबद्दल मात्र मला कोशाची गरज नव्हती, कारण ते आमच्या रक्तात आहेत. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. एकूण एकशे ब्याण्णव पया. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पैसे आले आणि आणे व्यवहारातून गेले. पण भाषेतून गेले नाहीत. शेतकरी अजून 'आणेवारी किती लागली' असंच विचारतो. सरकारी कागदावर ती केव्हाच 'पैसेवारी' झाली आहे आणि पन्नास पैशांच्या खाली गेलं की दुष्काळाची चर्चा सुरू होते. सोळा आणे पीक म्हणजे भरलेलं पीक. माझ्या शेजारी बसणारा तरुण मुनीम वाणिज्याचा पदवीधर आहे. त्याला 'सोळा आणे खरं' हे माहीत होतं, सोळाच का हे माहीत नव्हतं. मग मी त्याला ती म्हण दिली: चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. बेरीज कर म्हटलं. चार अधिक बारा, सोळा. म्हण रचणाऱ्या माणसाने बरोबर एक रुपया खर्च केलाय, एक आणा जास्त नाही की कमी नाही. ही बेरीज मला कुठल्या कोशात मिळाली नाही, वहीवर बसून मिळाली, आणि तिचा मला मनापासून आनंद झाला.

'छत्तीसचा आकडा' तर डोळ्यांनी दिसतो: ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत. फक्त तो देवनागरीत लिहावा लागतो, आणि आमच्या संगणकाच्या बिलावर तो आता तसा येत नाही.

माझी मुलगी धुळ्याला शाळेत मराठी शिकवते. तिच्या आठवीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, शिक्का कळला, 'मोर्तब' म्हणजे काय? तिने मला फोन केला, मी कोश उघडला. फारसीत 'मुरत्तब' म्हणजे रीतसर पुरा झालेला. मराठेशाहीतल्या पत्रांच्या वर मोठा शिक्का असायचा आणि मजकूर संपला की खाली लहान मोर्तब उमटायची, म्हणजे याच्यापुढे कुणी एक अक्षर वाढवू नये. शिवाजी महाराजांच्या मोर्तबेवर 'मर्यादेयं विराजते' असं होतं. इथे मर्यादा म्हणजे पत्राची सीमा. हे वाचल्यावर माझ्या अंगावर काटा आला. मी रोज रोजमेळ संपला की शेवटच्या रकमेखाली दोन आडव्या रेघा मारतो. त्याचं कामही तेच.

मुलीमुळेच धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जाणं झालं. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यातच वारले. त्यांनी जमवलेले कागद आणि शब्दांच्या व्युत्पत्तींची टिपणं जपण्यासाठी ही संस्था उभी राहिली. ऐतिहासिक कागद गोळा करायला गावोगाव फिरलेला माणूस शब्दांचेही कागद जमवत होता. खानदेशात राहून मला हे पन्नाशीनंतर कळावं, याची खंत वाटते. ज्यांना धुळ्याला जाणं जमतं त्यांनी तिथे जावं. फोनवरचा कोश त्याची जागा घेत नाही.

एक शब्द मात्र मी कोशात शोधलाच नाही, कारण तो शाळेतल्या गुरुजींनी बोरं खाता खाता सांगितला होता. 'बादरायण संबंध'. जळगावच्या मेहरूणची बोरं थंडीत आमच्याकडे येतात. गुरुजींनी एक बोर उचललं आणि श्लोक म्हटला: अस्माकं बदरीचक्रं युष्माकं बदरीतरुः। बादरायणसंबंधाद् यूयं यूयं वयं वयम्॥ आमच्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या दारात बोरीचं झाड, म्हणून आपण नातेवाईक! बदरी म्हणजे बोर हे ज्याला माहीत आहे त्यालाच ही गंमत कळते. बाजारात ओळख काढून उधारी मागणारा माणूस आला की मला ते बोर आठवतं.

आता या सोयीच्या उणिवा. कारण मी तिला सोळापैकी बाराच आणे देणार आहे.

पहिली अडचण शोधण्याची. हे कोश छापले तेव्हा मराठीत अनुस्वारांचं लेखन वेगळं होतं. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले. कोशात मात्र ते जागच्या जागी आहेत: दिवाळें, केळें, करणें. आजच्या पद्धतीने शब्द टाइप करून हाती काही लागलं नाही तर अनुस्वार देऊन पाहा, ऱ्हस्व-दीर्घ बदलून पाहा. मी पहिला आठवडा 'शब्द नाही' समजून बंद करत होतो. नवीन माणूस इथेच सोडून देईल अशी भीती वाटते.

दुसरी, सगळी मांडणी इंग्रजीतून आहे. मोल्सवर्थचे अर्थही इंग्रजीत. शब्दापुढे एक अक्षर असतं त्यावरून मूळ कळतं: एस म्हणजे संस्कृत, पी म्हणजे फारसी, ए म्हणजे अरबी, एच म्हणजे हिंदी. एवढं पाठ केलं की अर्धं काम होतं. ज्यांचं इंग्रजी माझ्यासारखं पावती वाचण्यापुरतं आहे, त्यांनी सरळ दाते-कर्वे उघडावा. तो मराठीतून मराठी आहे, वाक्प्रचार भरपूर आहेत, आणि मूळ शब्द चौकटी कंसात सांगितलेला असतो. दोन्हीत एकच निवडा म्हणाल तर मी दाते-कर्वे निवडेन. मोल्सवर्थच्या साठेक हजार शब्दांमागची मेहनत थोर आहे, पण घरातल्या माणसाने घरातल्या माणसाला सांगावं तसं दाते-कर्वे सांगतात.

तिसरी उणीव मला सर्वांत जास्त टोचते. आम्ही घरात अहिराणी बोलतो. पूर्वेला, रावेर-यावलकडे, केळीला 'केयी' म्हणतात, डोळ्याला 'डोया'. आमच्या घरात मुलगा 'आंडोर' आणि मुलगी 'आंडेर', सगळं म्हणजे 'बठ्ठं'. दाते-कर्वे यांच्या कोशात काही शब्दांपुढे '(खा.)' अशी खूण दिसते, म्हणजे खानदेशी. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा फार बरं वाटलं, वहीत आपल्या गावाचं नाव दिसावं तसं. पण अशा खुणा थोड्या. माझ्या आजीने ज्या शब्दांत मला वाढवलं त्यातले कितीतरी टाइप करून पाहिले आणि पान कोरं आलं. हा दोष शिकागोचा नाही. छापलेलं होतं तेवढंच त्यांनी ठेवलं. जे कुणी लिहूनच घेतलं नाही ते तिथे कुठून येणार? म्हणून वाटतं, तालुक्याच्या प्रत्येक ग्रंथालयात या सोयीसाठी एक संगणक असावा आणि त्याच्या शेजारी एक कोरी वही असावी, येणाऱ्याने आपल्या आजीचा एक शब्द अर्थासह लिहून जावा.

तोवर मी माझ्यापुरतं सुरू केलंय. दिवाळीला नवी लाल वही आणतो तिची शेवटची काही पानं कोरीच जातात. या वर्षीच्या वहीत तिथे शब्द लिहितोय. एका बाजूला शब्द, दुसऱ्या बाजूला कोण बोललं, कशावरून बोललं. मूळ सापडलं तर जमेला, नाही तर अनामत.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. फोनपेक्षा मोठ्या पडद्यावर हे बरं दिसतं. जोडाक्षरं फोनवर बारीक येतात आणि साठीच्या डोळ्यांना त्रास होतो. वेगळं अ‍ॅप घ्यावं लागत नाही, खातं उघडावं लागत नाही, जाहिरात येत नाही. आमच्याकडे दुपारी नेट मंद असतं तेव्हाही पान उघडतं, कारण त्यात अक्षरांशिवाय काही नाही.

गेल्या पंधरवड्यात वडिलांना ती दिव्याची नोंद मराठीत करून वाचून दाखवली. ते चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून दोनदा वाचली. त्यांनी फोन हातात घेतला, इंग्रजी अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"साहेबनी लिखं हाई?"

"हो. दोनशे वर्षं झाली."

"मंग खरं लिखं. दिवा व्हता."

मी म्हटलं, मी गेलो होतो बघायला, नव्हता.

"तू दुसरा दिनले गया. तेल सरी गयं व्हतं."

ओट्यावरच्या त्या डागाबद्दल मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. फोन परत देऊन ते भिंतीला टेकले आणि म्हणाले, "आते 'मापाडी' काढ."